पडीक जागांचे पारखी : सर पॅट्रिक गेडीस

नगराच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणजे लोकांच्या विसाव्याच्या जागांवर पहिली कुऱ्हाड पडते, हा अनुभव नगरपालिकांत सभासद असलेल्या आपल्या ज्ञातिबंधूंस नवा नाही. त्यांच्यासाठी एका थोर पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलाटर येथे झाला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषय. १८८६ साली विवाह झाल्यावर लवकरच त्यांनी पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून चौक झाडणे, भिंती रंगविणे, फुलझाडे लावणे आरंभिले. पुढे त्यांच्या मंडळाने त्या दाट वस्तीतील पडीक जागा मोजल्या, तो ७६ जागा, सुमारे १० एकर, निघाल्या! त्यांतील काहींच्या यथावकाश बागा झाल्या.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. भोसल्यांच्या तंजावरात घरे पाडून सरळ रस्ते काढण्याची योजना होती. गेडीस यांनी गल्लोगल्ली पायी हिंडून, चांगली घरे राखून, पडक्या जागी मोकळे चौक व झाडे सुचविली. त्यास खर्च सहावा हिस्सा येणार होता.

१९१७ साली त्यांच्यावर आकाश कोसळले. थोरला पुत्र फ्रान्समधील रणांगणावर पडला; पाठोपाठ ॲनाबाई हिंदुस्थानातच निवर्तल्या. तरीही हा पुरुष प्लेगने गांजलेल्या इंदुरात कामास लागला. ज्या आळ्या अधिक स्वच्छ, त्यांतून दिवाळीची मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. मग आळ्याआळ्यांत चढाओढ लागली.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे देहावसान झाले.

आम्हीही शिक्षक असताना शाळेच्या आवारातील उकिरड्यावर मुलांकडून बाग करविली होती. खर्च नाममात्र आला. पुढे आमची बदली झाली आणि दोन उन्हाळ्यांत तेथे पुन्हा उकिरडा झाला. दोष आमचाच. गेडीस आधी शेजारी जोडीत, मग झाड लावीत. आम्ही केवळ झाडे लावली.

म्हणून सभासद बंधूंस विनंती, की अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी आपला प्रभाग एकदा पायी हिंडावा, पडीक जागा मोजाव्या, आणि पाणी कोण घालणार हे ठरवूनच कुदळ मारावी.