कॉम्प्युटरला स्क्रीन जोडणारी मुंबई: होमी भाभा आणि टिफ्रॅकची गोष्ट

पुणे-नाशिक हायवेने मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की मध्ये कुरुळी लागतं. तिथे माझ्या मावसभावाचं छोटं डाय-मोल्डचं वर्कशॉप आहे. डिझाइनचं काम एका डेस्कटॉपवर चालतं. ड्रॉइंग उघडलं की गिऱ्हाइकाचा मेल झाकला जातो, मेल उघडला की ड्रॉइंग गायब. शेवटी वैतागून त्याने दुसरा मॉनिटर आणला, केबल लावली आणि लगेच मला फोन केला, की स्क्रीनवर नुसतं नो सिग्नल येतंय, मॉनिटर खराब निघाला वाटतं.

मॉनिटर ठणठणीत होता. भावाने एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली होती. डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर बहुतेक वेळा मदरबोर्डचा पोर्ट बंदच असतो. सीपीयूच्या पाठीमागे जरा खाली कार्डचे पोर्ट असतात, केबल तिथे लावायची. मग विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून एक्स्टेंड निवडायचं. दोन मिनिटांचं काम. चहा पिताना मी त्याला सांगितलं, की साठेक वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत एक अख्खा कॉम्प्युटर इथल्याच पोरांनी बनवला होता आणि त्यालाही बाहेरून स्क्रीन जोडली होती. त्याला ते काही खरं वाटेना. ज्या माणसामुळे हे घडलं त्याचं नाव ऐकल्यावर तर तो आणखीच चक्रावला. होमी भाभा म्हणजे अणुवाले ना?

हो, तेच. त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज तीच बघूया.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत, एका सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील वकील होते आणि टाटा घराण्याशी जवळचं नातं होतं. पोराने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांनी ठरवून ठेवलं होतं. आजही आपल्याकडे किती घरांत असंच ठरलेलं असतं! १९२७ मध्ये भाभा केंब्रिजला गेले आणि तिथे त्यांचं मन फिजिक्समध्ये अडकलं. त्यांनी वडिलांना पत्रातून स्पष्ट कळवलं, की इंजिनिअरची नोकरी हा माझा स्वभाव नाही. वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणित आणि फिजिक्ससाठी पैसे देतो. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास आणला आणि वडिलांनी शब्द पाळला.

मला विचाराल तर ते इंजिनिअरिंग वाया गेलं नाही. पुढे हा माणूस कागदावर गणितं मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून गाजला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटले की काय होतं याच्या गणिताला आजही भाभांचं नाव आहे. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी कॉस्मिक किरणांच्या सरी कशा तयार होतात हे मांडलं. पण यंत्र कसं बनतं, त्याला किती हात लागतात, याची जाण त्यांनी कधी सोडली नाही.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद. मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते शिकवू लागले, तिथे सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाणं सहज शक्य होतं. त्याऐवजी मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठी पैसे मागितले. त्यातून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. सुरुवात बंगळूरला झाली, मग त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात, पुढे १९४९ पासून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि शेवटी कुलाब्याला समुद्राकाठी.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. कॉस्मिक किरण मोजायचे तर इलेक्ट्रॉनिक उपकरणं लागतात. ती बाहेरून मागवायची म्हणजे परकीय चलन, परवाने, महिनोन्महिने वाट. आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? भाभांनी सवय लावली, की जमेल ते इथेच बनवायचं. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, तिचं इंधन ब्रिटनहून आलं होतं, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथल्या मंडळींनी बनवली होती.

त्याच सुमारास टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या हाताखाली काही तरुण कॉम्प्युटर बनवायला बसले. गंमत बघा, त्यांतल्या बहुतेकांनी तोवर कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता! आधी एक छोटं प्रायोगिक मशीन केलं, ते १९५६ च्या अखेरीस चालू झालं. मग मोठं मशीन हाती घेतलं, ते १९६० मध्ये तयार झालं. १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या इमारतीचं उद्‌घाटन करायला पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं.

कसं होतं टिफ्रॅक? १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी कपाट. आत सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब. मेमरीत ४० बिटचे २,०४८ शब्द, म्हणजे आपल्या हिशोबाने १० केबी. भावाच्या नव्या फुल एचडी मॉनिटरवर एका क्षणी दिसणारं चित्र नुसतं साठवायचं तरी साधारण ६०० टिफ्रॅक लागतील. प्रोग्राम लिहायचा तो थेट शून्य आणि एकमध्ये.

या कपाटाला कॅथोड रे ट्यूबची स्क्रीन जोडलेली होती, तीही जादा आउटपुट म्हणून. तिच्यावर आलेख आणि अक्षरं-आकडे उमटायचे. अशी स्क्रीन जोडण्यात खरी अडचण काय असते, ते समजून घ्या, तुमच्या घरच्या मॉनिटरशी त्याचा थेट संबंध आहे. ट्यूबच्या काचेवर ठिपका कुठे पडणार हे दोन व्होल्टेजवर ठरतं, एक त्याला आडवा सरकवतं आणि दुसरं उभा. कॉम्प्युटरकडे मात्र नुसते आकडे. म्हणून मध्ये असं सर्किट बसवावं लागतं, जे आकडा घेतं आणि त्याच्या प्रमाणात व्होल्टेज देतं. शिवाय ठिपक्याची चमक लगेच विझते, म्हणून तोच ठिपका पुन्हा पुन्हा काढत राहायचा. फोनच्या सेटिंगमध्ये ६० की १२० हर्ट्झ असा रिफ्रेश रेट निवडता ना, त्या कल्पनेचं मूळ इथे आहे.

ते आकड्याचं व्होल्टेज करणारं सर्किट पुढे कित्येक वर्षं ग्राफिक्स कार्डात राहिलं. निळ्या टोकाची, १५ पिनांची व्हीजीए केबल आठवते? तिच्यातून व्होल्टेजच जातं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून मात्र सरळ आकडे जातात. त्यामुळेच जुना व्हीजीए मॉनिटर एचडीएमआयला जोडायचा तर नुसतं स्वस्तातलं टोक बदलून भागत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दुकानदार कधी कधी हे सांगत नाहीत. विचारून घ्या.

टिफ्रॅकचं उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही. ते तयार झालं तेव्हा जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं आणि हे ट्यूबवरचं मशीन जुनं पडत चाललं होतं. भाभांनी त्यावर अडून बसण्याचा हट्ट धरला नाही. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. तो वापरायला, सांभाळायला माणसं शोधत फिरावं लागलं नाही, कारण टिफ्रॅकवर हात काळे केलेली माणसं तिथे होतीच. घरी बनवणं आणि विकत आणणं यांत भाभांना भांडण दिसत नव्हतं, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडतं.

बाकी माणूस हौशी. चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं, लग्न केलं नाही. टीआयएफआरच्या भिंतीवर हुसेन यांचं मोठं चित्र आहे, तेही भाभांच्या काळातलंच.

१९६३ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. दहा वर्षांत देशाने इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपल्या पायावर कसं उभं राहायचं, याचा आराखडा तिने करायचा होता. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा विमानात होते. विमान जिनिव्हाजवळ मॉंट ब्लांक डोंगरावर आदळलं. ११७ जण होते, कुणीही वाचलं नाही. या अपघाताबद्दल मोबाईलवर कटाचे फॉरवर्ड फिरतात. चौकशीत निघालं ते एवढंच, की विमान डोंगराच्या नेमकं कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि जमिनीवरचा कंट्रोलर यांच्यात गैरसमज झाला होता. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते.

समितीचा अहवाल त्यांच्यामागे बाहेर आला. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली आणि तिने पुढे टीडीसी-१२ हा भारतीय कॉम्प्युटर विकायला काढला. दहा वर्षांचं ते गणित मात्र जमलं नाही. भावाच्या टेबलावरच्या दोन्ही मॉनिटरचं पॅनेल बाहेरच्या देशात बनलेलं आहे. आणि त्याला आता तिसरा मॉनिटर हवाय! कार्डाला मागे एक डिस्प्लेपोर्ट रिकामा आहे, तेवढं बघून ठेवलंय.