गल्लीतल्या कुंपणांवरून उड्या मारणारी पोरगी ऑलिंपिकमध्ये हर्डल्सची चॅम्पियन कशी झाली?

तारीख १६ जुलै १९३२. अमेरिकेतल्या इव्हान्स्टनमध्ये महिलांची राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. ऑलिंपिकचा संघही इथूनच निवडला जाणार होता. एकेका संघाचं नाव पुकारलं की मुलींचा घोळका मैदानात यायचा. इलिनॉयच्या एका क्लबच्या तर २२ मुली होत्या. मग डॅलसच्या एका विमा कंपनीच्या संघाचं नाव पुकारलं गेलं आणि मैदानात आली एकच मुलगी.

साधारण तीन तासांत ती आठ प्रकारांत उतरली. त्यातले पाच तिने जिंकले आणि उंच उडीत पहिला क्रमांक विभागून मिळवला. शेवटी गुण मोजले तर तिचे ३० आणि दुसऱ्या आलेल्या २२ मुलींच्या संघाचे २२. एकटीने सांघिक विजेतेपद मारलं होतं!

ही मुलगी म्हणजे मिल्ड्रेड डिड्रिक्सन. जग तिला बेब या नावाने ओळखतं.

बेबचा जन्म १९११ चा, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरचा. आईवडील नॉर्वेहून आलेले, वडील सुतारकाम करायचे. सात भावंडांत ही सहावी. पुढे कुटुंब बोमाँट गावात राहायला गेलं. घरात पैशांची चणचण, त्यामुळे शाळेत असतानाच बेबने पोती शिवण्याचं कामही केलं.

हर्डल्स तिला कुणी शिकवल्या नाहीत. गल्लीतल्या घरांसमोर झुडपांची कुंपणं होती. बहीण रस्त्यावरून धावायची आणि बेब तिच्या बरोबरीने ही कुंपणं ओलांडत पळायची. झुडपं चांगलीच रुंद होती. ती खरचटू नयेत म्हणून बेब गुडघा वाकवून उडी मारायची. तीच सवय पुढे तिची शैली बनली.

पण सुरुवातीला तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. उंची कमी म्हणून शाळेच्या बास्केटबॉल संघातही तिला आधी घेतलं नव्हतं. ती मागे हटली नाही, संघात शिरली आणि चमकली. तो खेळ बघून १९३० मध्ये डॅलसच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीने तिला नोकरी दिली. कागदावर काम ऑफिसचं होतं, खरं काम होतं कंपनीच्या संघातून खेळायचं. अ‍ॅथलेटिक्सचा रीतसर सराव तिथेच सुरू झाला आणि दोन वर्षांत ती ऑलिंपिकला पोहोचली.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांना जास्तीत जास्त तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येत होतं. बेबने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. महिलांची ८० मीटर अडथळ्यांची शर्यत त्या वर्षी पहिल्यांदाच होत होती. त्यात बेब आणि तिचीच सहकारी एव्हलिन हॉल, दोघींची वेळ ११.७ सेकंद, म्हणजे विश्वविक्रम. पंचांनी सुवर्ण बेबला दिलं. उंच उडीत मात्र जीन शायलीइतकीच उंची पार करूनही तिची उडी मारायची पद्धत नियमबाह्य ठरली आणि रौप्यावर समाधान मानावं लागलं.

धावणं, उडी आणि फेक या तिन्ही प्रकारांत वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारी ती एकमेव खेळाडू आहे.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच नवा अडथळा आला. एका मोटारीच्या जाहिरातीत तिचं नाव झळकलं आणि हौशी खेळाडूंच्या संघटनेने तिला निलंबित केलं. पुढे निलंबन उठलं, पण तोवर तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं होतं. महिला खेळाडूंसाठी तेव्हा कमाईच्या वाटा फारच कमी होत्या. पोटासाठी तिने रंगमंचावर कार्यक्रम केले, पुरुषांच्या बेसबॉल संघासोबत गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळले.

मग तिने गोल्फची स्टिक हातात घेतली. १९३५ मध्ये टेक्सासची हौशी स्पर्धा जिंकली, तर गोल्फ संघटनेनेही तिला व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांचे दरवाजे बंद केले. ते उघडायला १९४३ उजाडलं. १९४७ मध्ये ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली.

१९५० मध्ये महिला व्यावसायिक गोल्फर्सची एलपीजीए ही संघटना उभी राहिली. तिच्या १३ संस्थापकांमध्ये बेब होती.

१९५३ मध्ये तिला आतड्याचा कॅन्सर झाला. तेव्हा या आजाराचं नावही लोक दबक्या आवाजात घ्यायचे. बेबने आजार लपवला नाही. मोठं ऑपरेशन झालं आणि पुढच्याच वर्षी तिने यूएस विमेन्स ओपन तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली.

कॅन्सर मात्र परतला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तिचं निधन झालं.

तरुणपणी तिला पोटासाठी गावोगाव फिरून खेळावं लागलं होतं. आज महिला गोल्फर्स एलपीजीएच्या ज्या टूरवर खेळून कमावतात, तिचा पाया घालणाऱ्यांत बेब होती.