अंधाऱ्या सागराचा यात्रिक

विल्यम बीबी यांचा जन्म १८७७ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. बालपणापासूनच त्यांना पशुपक्ष्यांचा विलक्षण छंद होता. १८९९ साली ते न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पक्षिविभागात रुजू झाले. पुढे त्यांचे मन सागराकडे ओढले गेले व बर्म्यूडा बेटांवर त्यांनी संशोधनास आरंभ केला.

तेथे ते खोल समुद्रात जाळी सोडून मासे वर काढीत. परंतु वर येईतो त्यांतील बहुतेक मासे गतप्राण झालेले असत. यात नवल ते काय? थंडगार पाणी, गडद अंधार आणि प्रचंड दाब यांत वाढलेला जीव वरच्या उबदार पाण्यात कसा जगावा? मग त्याला मत्स्यालयात पाळण्याची गोष्ट तर दूरच! तेव्हा, मासे आपल्या घरी येऊ शकत नाहीत, तर आपणच त्यांच्या घरी जावे, असा निश्चय बीबींनी केला.

ऑटिस बार्टन नावाच्या तरुणाने जाड पोलादाचा एक पोकळ गोल तयार करविला. आतून तो जेमतेम साडेचार फूट रुंद होता. पोलादी दोराला बांधून तो जहाजावरून खाली सोडीत. दोर तुटला, तर आतील माणसांची सुटका नव्हती. १९३२ साली माणसांवाचून सोडलेला हा गोल पाण्याने भरून वर आला. त्याचे झाकण सैल करताच एक बोल्ट तोफगोळ्याप्रमाणे उडाला! आत माणसे असती तर? तरीही बीबी डगमगले नाहीत.

१५ ऑगस्ट १९३४ रोजी सत्तावन्न वर्षांचे बीबी बार्टनसह ३,०२८ फूट खोल उतरले. त्या काळोखात सजीवांच्या अंगचे दिवे चांदण्यांसारखे लुकलुकत होते. बीबी टेलिफोनवरून वर्णन करीत व जहाजावरील सहकारी ते टिपून घेत. त्यांनी पाहिलेल्या काही माशांविषयी शास्त्रज्ञांनी शंका घेतली, कारण नमुना हाती नव्हता. त्यांतील काही मासे पुन्हा कोणालाच आढळले नाहीत. परंतु खोल सागरातील जीव त्यांच्याच घरी जिवंत पाहता येतात, हे बीबींनी दाखवून दिले.

१९६२ साली त्रिनिदाद येथे ते निवर्तले. पुढे २०२२ साली कॅलिफोर्नियातील माँटरे बे मत्स्यालयात खोल सागरातील प्राण्यांचे दालन उघडले. त्यासाठी पाणी थंड ठेवावे लागले, त्यातील प्राणवायूही कमी करावा लागला. मात्र दाब कमी झाल्यावरही तग धरतील, असेच प्राणी तेथे ठेवता आले. इतरांना भेटायचे, तर बीबींप्रमाणे त्यांच्याच घरी जावे लागते.