विश्लेषण : ४० तासांत साक्षरतेचा प्रयोग करणारे पाउलो फ्रेरे तुरुंगात का गेले?

ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंजिकोस या गावात १९६३ मध्ये सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. वर्षभराने हा प्रयोग करणारे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे तुरुंगात होते. अक्षरे शिकवण्यात सरकारला धोका का वाटला?

फ्रेरे कोण होते?
फ्रेरे यांचा जन्म १९ सप्टेंबर १९२१ रोजी रेसिफे शहरात झाला. महामंदीत त्यांचे मध्यमवर्गीय कुटुंब गरिबीत गेले आणि तेराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. उपाशीपोटी अभ्यास डोक्यात शिरत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, पण वकिली सोडून ते शिक्षक झाले. १९४७ पासून त्यांनी उद्योगांच्या समाजसेवा संस्थेत कामगार कुटुंबांसाठी काम केले. पुढे रेसिफे विद्यापीठाच्या सांस्कृतिक विस्तार विभागात त्यांची पद्धत आकाराला आली.

पद्धत काय होती?
मुलांचे अंकलिपीचे पुस्तक प्रौढांच्या हाती द्यायचे नाही, हा पहिला नियम. आधी वस्तीत जाऊन लोकांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचे. उदाहरणार्थ ‘तिजोलो’, म्हणजे वीट. चित्र दाखवून वीट कोण बनवते, घर कुणाला मिळते, यावर चर्चा व्हायची. मग शब्द फोडून ‘ता, ते, ति, तो, तु’ अशी आपल्या बाराखडीसारखी मालिका शिकवली जाई. त्यातून शिकणारे स्वतः नवे शब्द तयार करत.

पैसा कुणाचा होता?
क्युबातील क्रांतीनंतर लॅटिन अमेरिकेत साम्यवाद पसरू नये म्हणून अमेरिकेने १९६१ मध्ये ‘प्रगतीसाठी आघाडी’ ही मदत योजना सुरू केली. आंजिकोसच्या प्रयोगाला याच योजनेतून निधी मिळाला. २ एप्रिल १९६३ रोजी शेवटच्या वर्गाला राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त उपस्थित होते. लष्करी अधिकारी कास्तेलो ब्रांको हेही तिथे होते.

धोका कुणाला वाटला?
तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता आणि १५ वर्षांवरील जवळपास ४० टक्के लोक निरक्षर होते. म्हणजे साक्षर झालेली प्रत्येक प्रौढ व्यक्ती हा नवा मतदार होता. गुलार्त सरकारने देशभर २० हजार ‘संस्कृती मंडळे’ उघडण्याची योजना आखली. जमीनदार आणि उजव्या गटांना सत्तेचे गणित बिघडताना दिसू लागले. १९६४ च्या सुरुवातीला अमेरिकेनेही हात आखडता घेतला. एप्रिलमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली, कास्तेलो ब्रांको राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोन आठवड्यांत साक्षरता कार्यक्रम रद्द झाला. फ्रेरे यांनी सुमारे ७० दिवस तुरुंगात काढले.

पुढे काय झाले?
सुटकेनंतर ते बोलिव्हिया आणि मग चिलीत गेले. तिथे लिहिलेले ‘पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ जगभर वाचले गेले. इकडे लष्करी सरकारला साक्षरतेचे आकडे हवेच होते. त्यासाठी ‘मोब्राल’ ही संस्था उभी राहिली. कंपन्यांच्या प्राप्तिकरातील ऐच्छिक वाटा आणि क्रीडा लॉटरीतून तिला निधी मिळाला. शब्द आणि चित्रे तिनेही वापरली, पण वीट बनवणाऱ्याला घर का नाही, हा प्रश्न गाळला.

१९८० मध्ये फ्रेरे मायदेशी परतले. निरक्षरांना मताधिकार मिळायला १९८५ साल उजाडले. १९८९ मध्ये ते साओ पाउलो शहराचे शिक्षण सचिव झाले, तेव्हा निधी कुठे द्यायचा हे ठरवण्यात त्यांचाही वाटा होता. वस्त्यांमधील संघटनांना पालिकेचा पैसा देऊन त्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू केले. २ मे १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये ब्राझीलने कायदा करून त्यांना देशाच्या शिक्षणाचे ‘आश्रयदाते’ घोषित केले.