पोचपावती न मागणारं टपाल : जॉन पोस्टेल यांची गोष्ट

व्हिडिओ कॉलवर बोलताना रेंज गेली की आवाज तुटतो, चित्र थांबतं आणि लगेच बोलणं पुढे सुरू होतं. मधले शब्द मात्र गेले ते गेलेच. हरवलेला तुकडा परत मागत बसायचं नाही, असं इथं मुद्दाम ठरवलेलं आहे. या पद्धतीचं नाव यूडीपी. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी २८ ऑगस्ट १९८० रोजी फक्त तीन पानांत लिहून काढले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल, डोंगर चढायची आवड. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचं, पहिलं केंद्र सुरू झालं. त्या टीममध्ये ते विद्यार्थी होते. कुठला प्रोग्राम कुठला नंबर वापरणार याचा तेव्हा मेळ नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी सुचवलं की सॉकेटचे नंबर एकाच माणसाने वाटावेत, आणि तो माणूस म्हणून स्वतःलाच पुढे केलं. तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर असतात, तसं हे जगाचं दप्तर पुढे मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

१९७७ मध्ये त्यांनी एक अडचण दाखवून दिली. पत्ता शोधून पाकीट पोचवणं आणि ते पोचल्याची खात्री करणं, ही दोन्ही कामं एकाच नियमात कोंबली होती. ती वेगळी करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे ती वेगळी झाली, म्हणूनच यूडीपीला जागा मिळाली. मूळ कल्पनेत डेव्हिड रीड यांचाही वाटा होता.

काम साधं आहे. प्रोग्राम सॉकेट उघडतो, म्हणजे घराला टपालपेटी लावतो. समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट नंबर लिहून पाकीट सोडून देतो. आधी जोडणी नाही, नंतर पोचपावती नाही. पाकिटावर फक्त आठ बाइट मजकूर असतो: कुठून, कुठे, लांबी किती आणि मजकूर बिघडला का ते तपासायचा आकडा. पाकीट हरवलं तर पुन्हा पाठवायचं का, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं बघायचं. नवशिके इथंच फसतात.

वेबसाइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता विचारणारा प्रश्नही बहुधा असाच जातो, ५३ नंबरच्या पोर्टवर. या नावांची मुळं १३ सर्व्हर-नावांवर. तेराच का? उत्तर ५१२ बाइटच्या एका पाकिटात मावावं म्हणून.

याच सर्व्हरांवरून वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी ते चालवणाऱ्यांना ईमेल केला की मुख्य यादी आता माझ्याकडून घ्या. आठ जणांनी ऐकलं. सरकारी आदेश नव्हता, हातात होता तो फक्त तीस वर्षांचा विश्वास. अमेरिकन सरकार चिडलं. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. ते बरोबर होते का, यावर आजही दोन मतं आहेत. पण एका माणसावर एवढं अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिचा कारभार पाहायला पोस्टेल उरले नाहीत. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५.