लेडी मेरी माँटेग्यू

देवीचे वण असलेले चेहरे आता क्वचितच दृष्टीस पडतात. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींच्या दंडावर मात्र देवी काढल्याची खूण अजून असेल. लसीचे नाव निघाले की जेन्नरसाहेबांची आठवण होते, आणि ती रास्तच आहे. पण त्यांच्याही आधी एका आईने या रोगाशी सामना दिला, तिचे नाव फारसे कोणी घेत नाही.

लेडी मेरींचा जन्म १६८९ साली एका उमराव घराण्यात झाला. आई लहानपणीच वारली. वडिलांच्या ग्रंथालयात बसून त्या आपल्या आपणच लॅटिन शिकल्या. वडिलांनी ठरविलेले स्थळ नाकारून १७१२ साली त्यांनी पळून जाऊन एडवर्ड वॉर्टली माँटेग्यू यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी त्यांचा तरुण भाऊ देवीने गेला. १७१५ साली त्यांनाही देवी आल्या. त्या वाचल्या; पण पापण्यांचे केस कायमचे झडले आणि दरबारात वाखाणल्या जाणाऱ्या मुखावर वण राहिले.

हा रोग मुळात होतो कसा, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. परक्याच्या स्वयंपाकघरात शिरावे, त्याच्याच चुलीवर त्याच्याच पिठाच्या भाकऱ्या थापाव्यात आणि जाताना चूलही मोडून जावी, अशी त्याची रीत! रोग्याच्या श्वासातून, थुंकीतून तो नाकातोंडावाटे येतो, पेशींत शिरतो आणि त्यांच्याकडूनच आपल्या असंख्य प्रती करवून घेतो. देवीच्या रोगात सुमारे १२ दिवस वरून काहीच कळत नसे. मूल अंगणात खेळत असे, आणि आत विषाणू रक्तात पसरत असे. मग एकाएकी कडक ताप, पाठदुखी, तोंडाच्या आत पुरळ आणि पाठोपाठ सर्वांगावर पुवाचे फोड. १०० रोग्यांपैकी २० ते ३० दगावत. जो वाचे, त्याचे शरीर त्या शत्रूला ओळखून ठेवी. त्याला सहसा पुन्हा देवी येत नसत.

पती तुर्की दरबारी वकील नेमले गेले, तेव्हा १७१६ साली लेडी मेरीही त्यांच्यासोबत निघाल्या. तिकडे त्यांनी एक नवल पाहिले. उन्हाळा ओसरला की म्हाताऱ्या बायका सौम्य देवीच्या फोडांतला पू घेऊन येत आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच मुलांच्या कातडीत घालीत. आठवडाभर मुले खेळत. मग दोनतीन दिवस ताप, मोजके फोड, आणि पुढे जन्माची निश्चिंती. विषाणू श्वासावाटे न येता कातडीतून आल्यामुळे तो बराचसा जागच्या जागीच वाढे आणि शरीराला सावध होण्यास अवधी मिळे.

मार्च १७१८ मध्ये, पती दूर छावणीवर असताना, त्यांनी आपल्या लहान मुलाला टोचून घेतले. एका दंडात थरथरत्या हाताच्या ग्रीक म्हातारीने गंजक्या सुईने टोचले, दुसऱ्यात वकिलातीचे वैद्य मेटलंड यांनी. तान्ह्या मुलीला मात्र टोचले नाही. तिच्या दाईला देवी येऊन गेल्या नव्हत्या आणि टोचलेल्या मुलापासून तिला लागण झाली असती! केवढी ही समज!

१७२१ साली लंडनमध्ये साथ आली, तेव्हा तीन वर्षांच्या त्या मुलीला त्यांनी दरबारच्या वैद्यांसमक्ष टोचविले. मग मुलीला बरोबर घेऊन त्या ओळखीच्या घरी जात आणि इतर आयांना धीर देत. धर्मगुरूंनी निंदा केली, वैद्यही उलटले. तेव्हा एका व्यापाऱ्याच्या सोंगाने त्यांनी वृत्तपत्रात लिहून वैद्यांची चांगलीच हजेरी घेतली. १७२२ साली युवराज्ञी कॅरोलाइन यांनी आपल्या दोन मुलींना टोचविले आणि ही रीत मान्यता पावली.

तरी ती निर्धोक नव्हती. टोचलेल्या १०० पैकी दोघेतिघे मरत, आणि टोचलेल्यापासून शेजाऱ्याला खरी देवी येई. तुर्कस्तानातून ज्या मैत्रिणीला त्यांनी ही सारी हकीकत कळविली होती, ती स्वतः १७२६ साली देवीनेच वारली.

लेडी मेरी १७६२ साली कर्करोगाने वारल्या. त्याच्या पाच वर्षे आधी ग्लॉस्टरशायरमध्ये आठ वर्षांच्या एका मुलाला याच रीतीने टोचले होते. तो एडवर्ड जेन्नर. १७९६ साली त्याने माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीतला द्रव वापरला, आणि टोचलेल्यापासून साथ पसरण्याचे भय टळले. ती लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईस पोचली आणि तेथे तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली.