विश्लेषण : चांदबिबीने पाहिलेली दोन सत्तांतरे, विजापूर सावरले, अहमदनगर का फुटले?

नागापूर एमआयडीसीपासून काही किलोमीटरवरचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या शौर्यासाठी ओळखला जातो. मात्र मोगल फौज या तटापर्यंत आली, ती निजामशाहीतील वारसावादामुळे.

चांदबिबी कोण होती?
ती हुसेन निजामशाहाची मुलगी. १५६५च्या राक्षसतागडीच्या लढाईआधी तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाला.

विजापुरात काय घडले?
१५८०मध्ये अलीची हत्या झाली. त्याला मुलगा नव्हता. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. कारभार कोणी पाहायचा, यावरून सरदारांत जुंपली. किश्वरखानाने तर तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. पुढे त्यालाही हटवण्यात आले. कारभारी बदलत गेले, राजा मात्र तोच राहिला.

अहमदनगरमध्ये वेगळे काय झाले?
१५९५मध्ये इब्राहिम निजामशाह लढाईत मारला गेला. तेव्हा माहेरी असलेली चांदबिबी त्याच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या बाजूने उभी राहिली. मियां मंजूने अहमद नावाच्या मुलाला, हबशी सरदारांनी मोती नावाच्या मुलाला, तर अभंगखानाने वृद्ध शहाअलीला पुढे केले. एका गादीला चार दावेदार झाले. कोंडीत सापडलेल्या मियां मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले.

डिसेंबर १५९५मध्ये किल्ल्याला वेढा पडला. फेब्रुवारीत सुरुंगाने तट फुटला. चांदबिबीने तो रातोरात बुजवून घेतला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला आणि बहादूरला मान्यता मिळाली.

मग तिचा शेवट असा का झाला?
वारस ठरला, पण सरदारांतला संशय गेला नाही. १६००मध्ये मोगलांनी पुन्हा वेढा घातला. किल्ला सोडून बालराजाचा जीव वाचवावा, असे तिचे मत होते. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

फरक कशात होता?
दोन्हीकडे राजा अचानक गेला, वारस अजाण होता आणि सरदार महत्त्वाकांक्षी होते. विजापुरात गादी कोणाची हे सर्वांना मान्य होते. भांडण कारभारापुरते राहिले. अहमदनगरात गादीच वादात सापडली आणि हरणाऱ्याने बाहेरची फौज आणली. त्याची किंमत आधी वऱ्हाडाने, मग चांदबिबीने चुकवली.